बेळगाव सीमाभागातील लहान उद्योजकांनी मोफत आणि अल्पखर्चाचे तज्ज्ञ मार्गदर्शन कसे मिळवावे

बेळगावच्या जिल्हा उद्योग केंद्रात पहिल्यांदा पाऊल ठेवणाऱ्या माणसाच्या हातात बहुधा कुणीतरी पैसे घेऊन तयार करून दिलेला प्रकल्प अहवाल असतो. समोरचा अधिकारी त्यातले एखादे पान उघडून सहज विचारतो, 'दिवसाला किती किलो माल निघेल?' आणि जन्मभर तेच काम करत आलेला माणूसही गप्प होतो, कारण अहवालातला आकडा त्याचा स्वतःचा नसतो. लहान उद्योगांचे हिशेब लिहून देण्याच्या कामामुळे हा प्रसंग मी निपाणीच्या मसालेवाल्याच्या, वडगावच्या विणकराच्या आणि खानापूरकडच्या वीटभट्टीवाल्याच्या बाबतीत पाहिला आहे. सल्ला देणारी जाणकार माणसे आपल्या भागात आहेत आणि त्यांतील बऱ्याच जणांचा पगार किंवा मानधन सरकार देते. मात्र त्यांच्या ज्ञानाचा उपयोग आपले आकडे आपल्या हाताने लिहून नेणाऱ्यालाच होतो. म्हणून या लेखाची सुरुवात कार्यालयांच्या पत्त्यांपासून न करता वहीपासून करतो.

पहिली पायरी: वही आणि एक प्रश्न

कोणत्याही तज्ज्ञाकडे जाण्यापूर्वी निदान तीन महिन्यांचा जमाखर्च रोजच्या रोज लिहावा. व्यवसाय अजून सुरू झालेला नसेल, तर घरी किंवा शेजाऱ्याच्या गाळ्यात थोडा माल काढून पाहावा आणि त्याचा खर्च मांडावा. हे काम कंटाळवाणे वाटते, पण ते केल्याने काय होते याचे एक उदाहरण देतो.

वडगावातील एक वहिनी शेंगदाण्याची चटणी करून शहरातील दुकानांना २६० रुपये किलोने देत असत. शेंगदाणे, मिरची, लसूण, मीठ आणि तेल मिळून किलोमागे १९० रुपये लागतात, म्हणजे आपल्याला ७० रुपये सुटतात, असा त्यांचा हिशेब होता. आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारी बसून उरलेला खर्च लिहिला, तेव्हा पाव किलोच्या चार पिशव्या आणि त्यांवरची लेबले यांचे २४ रुपये, गॅस आणि मिक्सरच्या विजेचे १४ रुपये आणि रिक्षाभाड्याचे १० रुपये निघाले. किलोमागे प्रत्यक्षात २२ रुपये उरत होते आणि त्यात त्यांची स्वतःची मजुरी धरलेलीच नव्हती; शिवाय महिन्याअखेरीस दुकानातून परत येणारा माल वेगळाच. त्या दिवसापर्यंत त्यांचा प्रश्न 'कर्ज कुठे मिळेल?' असा होता. हिशेबानंतर तो 'पिशवीचा खर्च कसा कमी करू आणि माल जास्त दिवस कसा टिकवू?' असा झाला. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देणारा माणूस बँकेत बसत नाही, त्यामुळे त्यांची पुढची वाटच बदलली.

तुमचा प्रश्नही असाच एका वाक्यात लिहा. 'मला उद्योग करायचा आहे, मार्गदर्शन करा' या वाक्याला कोणताही अधिकारी योजनांच्या पत्रकापलीकडे काही देऊ शकत नाही. याउलट 'लेथवर निघणाऱ्या शंभर नगांपैकी आठ नग बाद होतात, ते का?' किंवा 'ऊस माझा आहे, गुऱ्हाळ भाड्याचे आहे, तर स्वतःच्या नावाने गूळ पॅक करून विकायला कोणते परवाने लागतील?' असे विचारले की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढून बसतो.

दुसरी पायरी: उद्योगाचा पत्ता कोणत्या राज्यातला, हे पक्के करा

आपल्या भागातील नवख्यांचा सर्वाधिक वेळ याच गोंधळात जातो. आपले पाहुणे चंदगड, गडहिंग्लज आणि कागलला असतात, बाजार कोल्हापूरचा असतो, आणि नातेवाइकाला महाराष्ट्रात मिळालेली सवलत आपल्यालाही मिळेल असे मनात असते. उद्योगांच्या योजनांमध्ये मात्र तुम्ही कोणती भाषा बोलता यापेक्षा गाळा कुठे आहे आणि रहिवासाचा दाखला कोणत्या राज्याचा आहे, हे पाहिले जाते. बेळगावात राहून शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीत कारखाना चालवणाऱ्याचे जिल्हा उद्योग केंद्र कोल्हापूरचे असते, कारण शिनोळी चंदगड तालुक्यात येते. निपाणी, चिकोडी, हुक्केरी, अथणी, कागवाड आणि खानापूरच्या माणसाचे केंद्र बेळगावचे असते. हल्याळ आणि जोयड्याच्या मराठी भाषकांना उत्तर कन्नड जिल्ह्याच्या यंत्रणेकडे, तर भालकी आणि औरादच्या लोकांना बीदरकडे जावे लागते. केंद्र सरकारच्या योजनांचे मूळ नियम दोन्हीकडे सारखेच असतात, पण अर्ज मात्र आपल्याच जिल्ह्यातून पुढे सरकतो.

कागदपत्रांची नावेही बदलतात. पलीकडे ज्याला सातबारा म्हणतात, त्याच्या जागी आपल्याकडे आरटीसी, म्हणजेच पहाणी, मागतात. ग्रामपंचायत हद्दीतील घरासाठी किंवा गाळ्यासाठी ई-स्वत्तूचा, म्हणजे ग्रामपंचायतीच्या मालमत्तेच्या ऑनलाइन नोंदीचा, उतारा लागतो. आणि जातीचे व उत्पन्नाचे दाखले नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयातून, काढावे लागतात. हे कागद आधी जमवून ठेवल्यास दोन-तीन फेऱ्या वाचतात.

सीमेचा खरा चटका जीएसटीच्या बाबतीत बसतो आणि तो फार उशिरा कळतो. कर्नाटकात केवळ मालाची विक्री करणाऱ्याला वर्षाच्या ४० लाख रुपयांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे नोंदणीची सक्ती नाही, हे बहुतेकांना माहीत असते. तथापि, करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की ही मर्यादा लागू राहत नाही आणि उलाढाल कितीही लहान असली तरी नोंदणी करावी लागते. हस्तकला आणि हातमागाच्या वस्तूंना यात काही सूट आहे. निपाणीतला मसाला संकेश्वरला विकला तर तो राज्यातच राहतो, पण कागलच्या दुकानात ठेवला तर तो परराज्यात गेला असे धरले जाते, मग अंतर कितीही कमी असो. त्याचप्रमाणे ठरावीक दराने कर भरण्याची कंपोझिशन योजना ज्याने घेतली आहे, त्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. म्हणून कोल्हापूर, आजरा किंवा गोव्याच्या बाजारावर ज्याची मदार आहे, त्याने पहिल्याच भेटीत हा मुद्दा करसल्लागारापुढे ठेवावा. या एका विषयासाठी सल्लागाराला फी द्यावी लागली तरी ती द्यावी, असे माझे मत आहे.

तिसरी पायरी: उद्यम नोंदणी स्वतः करा

उद्यम नोंदणी म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी होणारी नोंद; १ जुलै २०२० पासून सुरू झालेली ही नोंदणी पूर्णपणे मोफत आहे. आधार क्रमांक, पॅन आणि आधारशी जोडलेला मोबाइल एवढ्यावर ती घरबसल्या होते आणि कोणताही कागद चढवावा लागत नाही. सरकारी वाटणाऱ्या नावांची खासगी संकेतस्थळे याच कामाचे पैसे घेतात. माझ्या ओळखीच्या एका शिंपीकाकांनी अशाच एका ठिकाणी तीन हजार रुपये भरले होते. नोंदणी केवळ सरकारच्या अधिकृत उद्यम पोर्टलवरच करावी. १ एप्रिल २०२५ पासून लागू असलेल्या व्याख्येनुसार यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल दहा कोटींपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो, त्यामुळे आपल्याकडचे जवळजवळ सर्व नवे उद्योग त्यात बसतात.

चौथी पायरी: प्रश्न पाहून दार ठोठवा

योजना, अनुदान, जागा आणि परवाने यांबद्दलच्या प्रश्नांसाठी जिल्हा उद्योग केंद्र हे पहिले ठिकाण आहे. बाहेरच्या पाटीवर कन्नडमध्ये 'जिल्हा कैगारिका केंद्र' असे लिहिलेले असते, हे कन्नड वाचता न येणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाची माहिती येथे विनामूल्य मिळते. या योजनेत उत्पादनासाठी ५० लाख आणि सेवेसाठी २० लाखांपर्यंतचा प्रकल्प धरला जातो. खुल्या प्रवर्गातील अर्जदाराला शहरी भागात १५ आणि ग्रामीण भागात २५ टक्के, तर महिला, मागासवर्गीय, अल्पसंख्याक, माजी सैनिक आणि दिव्यांगांना अनुक्रमे २५ आणि ३५ टक्के अनुदान असते. गाळा ग्रामपंचायतीच्या हद्दीत आहे की नगरपालिकेच्या, यावर दहा टक्क्यांचा फरक पडतो. शहराला लागून असलेल्या गावांपैकी काही आता नगरपंचायती झाल्या आहेत, तेव्हा गावाचे सध्याचे स्वरूप विचारूनच जागा ठरवावी.

ज्याला हाताला काम शिकायचे आहे त्याच्यासाठी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेइतकी उपयुक्त जागा दुसरी नाही, आणि तिच्याकडे आपल्या लोकांचे पुरेसे लक्ष जात नाही याचे मला मनापासून वाईट वाटते. या संस्थांचा नमुनाच कर्नाटकातला आहे: १९८२ साली धर्मस्थळाच्या मंजुनाथेश्वर ट्रस्टने सिंडिकेट आणि कॅनरा बँकेबरोबर उजिरे येथे पहिले केंद्र काढले आणि पुढे केंद्र सरकारने तीच पद्धत देशभर नेली. जिल्ह्याची अशी संस्था एखादी बँक चालवते. शिवणकाम, दुग्धव्यवसाय, मोबाइल दुरुस्ती, दुचाकी दुरुस्ती, मोटर वाइंडिंग यांसारखे काही दिवसांपासून दीड महिन्यापर्यंतचे वर्ग तेथे होतात, आणि राहणे व जेवण यांसह सारे मोफत असते. प्रशिक्षण संपल्यानंतर दोन वर्षे संस्थेने शिकलेल्या माणसाची विचारपूस करावी आणि त्याला बँकेचे कर्ज मिळवण्यास मदत करावी, अशी या पद्धतीतच सोय आहे. बहुतेक जण प्रमाणपत्र घेऊन घरी येतात आणि पुन्हा फोन करत नाहीत; तसे करू नये, ती दोन वर्षे तुमच्या हक्काची आहेत. खानापूरच्या दक्षिणेकडील गावांतील लोकांना हल्याळची कॅनरा बँक देशपांडे संस्था जवळ पडते, मात्र जिल्हा वेगळा असल्याने प्रवेशाचे आधी विचारून घ्यावे.

उद्योजकतेचे वर्ग आणि प्रकल्पाची आखणी यांसाठी राज्य सरकारचे उद्योजकता विकास केंद्र आहे. सीडॉक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या केंद्राचे मुख्य कार्यालय धारवाडला आहे आणि जिल्ह्याजिल्ह्यांत त्याचे अधिकारी असतात. यंत्र, गुणवत्ता, निर्यात किंवा सरकारी खरेदी असा तांत्रिक प्रश्न असेल, तर केंद्र सरकारच्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाची हुबळीच्या गोकुळ रोडवरील शाखा गाठावी. बेळगावहून सकाळच्या गाडीने जाऊन संध्याकाळी परत येता येते.

खाद्यपदार्थ करणाऱ्यांसाठीची व्यवस्था थोडी सविस्तर सांगतो, कारण कुंदा, करदंट, चटण्या, पापड आणि गूळ यांवर आपल्या भागातील शेकडो घरे चालतात. केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना २९ जून २०२० रोजी सुरू झाली. तिच्यात पात्र खर्चाच्या ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदान आहे. कर्नाटक सरकार त्यात आणखी १५ टक्क्यांची भर घालते, त्यामुळे येथे ते ५० टक्के, कमाल १५ लाखांपर्यंत जाते. 'एक जिल्हा, एक उत्पादन' यादीत बेळगावच्या नावापुढे गूळ आहे. या योजनेतील सर्वांत मोलाची सोय म्हणजे जिल्हा संसाधन व्यक्ती. हा माणूस तुमचा प्रकल्प अहवाल तयार करण्यापासून बँकेत पाठपुरावा करणे, उद्यम, जीएसटी आणि अन्नसुरक्षा नोंदणी येथपर्यंत साहाय्य करतो आणि मंजूर झालेल्या प्रत्येक प्रकरणामागे त्याला २० हजार रुपये सरकार देते. त्यातला निम्मा भाग कर्जमंजुरीनंतर आणि उरलेला नोंदण्या पूर्ण झाल्यावर मिळतो. तुमचे काम पूर्ण होण्यातच त्याचे मानधन आहे, म्हणून अर्जदाराने त्याला वेगळे पैसे देण्याचा प्रश्नच येत नाही. त्यांची नावे कृषी खात्याच्या कार्यालयात मिळतात. रोजगार निर्मिती आणि अन्नप्रक्रिया या दोन्ही योजनांची मुदत ३१ मार्च २०२६ पर्यंतची ठरवलेली होती, तेव्हा खर्चाला हात घालण्यापूर्वी पोर्टलवर नवे अर्ज घेतले जात आहेत का, हा पहिला प्रश्न विचारावा.

गुळाच्या प्रतीविषयी शंका असेल, तर बेळगावातच एस. निजलिंगप्पा साखर संस्था आहे, संकेश्वरला धारवाड कृषी विद्यापीठाचे संशोधन केंद्र आहे, आणि कोल्हापूरला ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे. ज्ञान विचारायला सीमा आड येत नाही. ती फक्त अनुदानाच्या अर्जात आड येते. शेतमालावरील घरगुती प्रक्रियेसाठी बैलहोंगल तालुक्यातील मत्तीकोप्प आणि गोकाककडील तुक्कानट्टी येथील कृषी विज्ञान केंद्रांत तज्ज्ञ भेटतात. मातीकाम करणाऱ्यांसाठी खादी आयोगाची ग्रामीण कुंभारकामाची मध्यवर्ती संस्था खानापुरातच आहे.

कारागिरांसाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ पारंपरिक व्यवसाय आहेत. पाच-सात दिवसांच्या प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये भत्ता आणि नंतर अवजारांसाठी १५ हजार रुपयांचे ई-व्हाउचर मिळते. चपला करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी: कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांना मिळून आहे, आणि त्या चारांत बेळगाव आहे. अथणी किंवा निपाणीच्या कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करून ते नाव हक्काने लावता येते. त्यासाठी कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळाकडे, म्हणजे लिडकरकडे चौकशी करावी.

पाचवी पायरी: थोडे पैसे मोजून मिळणारा सल्ला

उद्यमबाग आणि मच्छेकडील फाउंड्री, हायड्रॉलिक आणि मशिन शॉपवाल्यांना बहुधा वर्गात बसून मिळणाऱ्या सल्ल्याचा उपयोग होत नाही. त्यांना कुणीतरी गाळ्यात येऊन उभे राहिलेले हवे असते. यासाठी १० मार्च २०२३ रोजी नव्या रूपात आलेली लीन योजना पाहावी. यात सल्लागार कारखान्यात येऊन मालाची हालचाल, वाया जाणारा वेळ आणि बाद होणारे नग तपासतो, आणि त्याच्या फीचा ९० टक्के भाग सरकार उचलते. मालात दोष आणि पर्यावरणाला हानी नसावी यासाठीच्या झेड प्रमाणपत्राच्या कांस्य पातळीची फी १० हजार रुपये असून सूक्ष्म उद्योगाला त्यावर ८० टक्के सवलत आहे, म्हणजे २ हजार रुपयांत काम होते. महिलांच्या मालकीच्या उद्योगांना ती पूर्ण माफ आहे. कच्चा माल आणि ओतकाम यांच्या तपासणीसाठी बेळगाव फाउंड्री क्लस्टरच्या सामाईक सुविधेत चौकशी करावी. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी खऱ्या कारखान्यातले प्रश्न प्रकल्पासाठी शोधत असतात. एखाद्या जिगचे किंवा फिक्स्चरचे, म्हणजे काम करताना नग पक्का धरणाऱ्या साधनाचे, डिझाइन करून हवे असल्यास वर्षाच्या सुरुवातीलाच विभागप्रमुखांना पत्र लिहावे.

ट्रेडमार्कसाठी ऑनलाइन अर्जाची सरकारी फी लहान उद्योगाला मालाच्या एका वर्गासाठी ४,५०० रुपये पडते, मात्र त्यासाठी उद्यम प्रमाणपत्र जोडावे लागते. इतरांना हीच फी ९,००० रुपये आहे.

भेटीच्या दिवशी

कार्यालयात सकाळी लवकर जावे. अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत द्यावा लागतो. कन्नड लिहिता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाची किंवा शेजाऱ्याची मदत घ्यावी, आपल्याकडे प्रत्येक गल्लीत असे कुणीतरी असते. बोलताना चार वाक्ये कन्नडमध्ये सुरू केली तर संवाद सोपा होतो, आणि पुढचे समजले नाही तर 'सर, हे पुन्हा सांगाल का?' असे विचारण्यात कमीपणा नाही. भेट संपल्यावर तिथेच बाकावर बसून अधिकाऱ्याचे पद, तारीख, सांगितलेले कागद आणि पुन्हा यायचा दिवस वहीत लिहावा. दिलेल्या प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि पोच घ्यावी.

'साहेबांशी बोलणे झाले आहे, टक्केवारी द्या' असे म्हणणारा माणूस बाहेर भेटला तर त्याला नकार द्यावा. प्रकल्प अहवाल पैसे देऊन लिहून घेणे गैर नाही, पण त्यातील प्रत्येक आकडा तुमच्या वहीतून गेलेला असावा.

माल गेल्यावर पैसे अडकले तर

पहिल्या वर्षी लहान उद्योग ज्या कारणाने बसतो ते बहुधा थकलेले बिल असते, म्हणून ही तरतूद सुरुवातीलाच माहीत असावी. २००६ च्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल किंवा सेवा घेणाऱ्याने लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने जाहीर केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागते. तक्रार सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर स्वतः करता येते, आणि खरेदीदार इचलकरंजीचा असो, पुण्याचा असो वा गोव्याचा, ती पुरवठादाराच्या राज्यातील, थकलेल्या बिलांचे वाद सोडवणाऱ्या परिषदेपुढे चालते; निपाणीच्या कारखानदाराला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना हा लाभ नाही. तक्रारीसाठी तीन कागद मात्र जवळ असायला हवेत: माल पाठवण्याच्या आधीच्या तारखेचे उद्यम प्रमाणपत्र, खरेदीची लेखी ऑर्डर, आणि माल पोचल्याची सही व शिक्का असलेले डिलिव्हरी चलन. ऑर्डर फोनवर आली असेल, तर त्याच दिवशी दर, नग आणि मुदत लिहून खरेदीदाराला संदेश पाठवावा व त्याचे उत्तर जपून ठेवावे. टेम्पोवाल्याच्या हाती चलनाच्या दोन प्रती द्याव्यात आणि सही झालेली प्रत परत आल्याशिवाय त्याचे भाडे चुकते करू नये.